उथळ टाकीत झाडं पाण्याबाहेर वाढवा, कोकणातली हवा त्यासाठीच आहे

अ‍ॅक्वेरियमची बरीचशी झाडं मुळात ओढ्याकाठची नाहीतर दलदलीतली, क्रिप्टोकोरीन, अनुबियास, लुडविजिया, रोटाला, आपली ब्राह्मीसुद्धा (दुकानात बॅकोपा मोनिएरी म्हणून मिळते ती हीच), त्यामुळे मुळं ओली आणि पानं हवेत असली तरी ती मस्त वाढतात, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड फुकटात मिळतो म्हणजे सिलिंडरबिलिंडरची भानगड नाही.

तळाला थोडी जांभ्याची लाल माती घाला, लोह भरपूर असतं, वर धुतलेली नदीची वाळू. किनाऱ्यावरची वाळू आणू नका, मीठ आणि शिंपल्यांचा चुरा नको त्यात. पाणी वाळूच्या जेमतेम वर. विहीर मचूळ असेल तर सरळ पावसाचं पाणी साठवा. अनुबियासचं आडवं खोड मात्र गाडायचं नाही, कुजतं, दगडाला दोऱ्याने बांधून ठेवा.

रत्नागिरी-मालवणकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की झाकण लागतच नाही, उलट गच्च झाकलंत तर बुरशी येते. दिवाळीनंतर हवा जरा कोरडी झाली की वर काच ठेवा आणि पाण्याखालून काढलेली झाडं लावताना तर सुरुवातीला पूर्ण झाका, मग रोज थोडी थोडी फट वाढवा, एकदम उघडलं तर पानं करपतात. थेट उन्हात ठेवू नका, उथळ पाणी लगेच तापतं.

आणि हो, डास! साचलेलं पाणी उघडं असेल तर दर चार-पाच दिवसांनी बदलाच.

पुढे तीच झाडं पाण्यात बुडवलीत की जुनी पानं गळतात, क्रिप्टो तर पार विरघळल्यासारखं दिसतं, उपटून टाकू नका, मुळातून परत फुटतं.