जागतिकीकरण शिकायला घेताय? आधी आकडा कुठून आला ते विचारायला शिका

पदव्युत्तर पातळीवर ‘जागतिकीकरण आणि आंतरराष्ट्रीय व्यवसाय पर्यावरण’ हा विषय घेणारे बरेच जण त्याला चालू घडामोडींचा विषय समजतात. रोज बातम्या वाचल्या की निम्मा अभ्यास झाला, असं त्यांना वाटतं. पहिल्या निबंधात गुण जातात ते यामुळेच. ‘जागतिकीकरणामुळे जग जवळ आलं’ या वाक्यात परीक्षकाला तपासण्यासारखं काहीच नसतं. जागतिकीकरण कशाचं? वस्तूंच्या व्यापाराचं, भांडवलाचं, माणसांच्या स्थलांतराचं की माहितीचं? आणि कुठल्या काळातलं? या चारही गोष्टी एका वेगाने चालत नाहीत. पैसा एका क्लिकवर सीमा ओलांडतो, माणसाला मात्र व्हिसासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. एवढा भेद पहिल्या परिच्छेदात केलात तरी निबंधाला कणा येतो.

सिद्धांत वाचताना हातात कागद-पेन हवंच. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये दिलेलं उदाहरण घ्या. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालला त्याच कापडासाठी ९० आणि त्याच वाइनसाठी ८० लागतात. पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे, मग त्याने कापड बाहेरून का घ्यावं? भागाकार करा. पोर्तुगालने एक माप वाइन कमी केली तर सुटलेल्या माणसांकडून ०.८९ माप कापड होतं. इंग्लंडमध्ये एक माप वाइन काढायची तर १.२ माप कापडावर पाणी सोडावं लागतं. एकाला एक असा सौदा ठरला तर दोघांचाही फायदा होतो. हे गणित स्वतः सोडवलेला विद्यार्थी निरपेक्ष लाभ (कमी माणसांत माल काढणं) आणि तुलनात्मक लाभ (त्यासाठी दुसऱ्या मालावर कमी पाणी सोडावं लागणं) यांची गल्लत सहसा करत नाही. नुसती व्याख्या पाठ केलेला तोंडी परीक्षेत अडकतो.

कंपन्यांविषयीचे सिद्धांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. कंपनी परवाना देऊन भागवण्याऐवजी परदेशात स्वतःचा कारखाना का काढते, याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ डनिंगची ओएलआय मांडणी (मालकी, ठिकाण आणि काम स्वतःकडेच ठेवणं यांचे फायदे) देते. ती कुठल्या क्रमाने आणि किती सावकाश बाहेर पडते, ते १९७७ चं उप्साला प्रारूप सांगतं. एकाच उत्तरात सगळी नावं कोंबली की एकही नीट लागू होत नाही. हॉफस्टेड या संशोधकाच्या सांस्कृतिक गुणांकांबाबतही, म्हणजे देशादेशांच्या संस्कृतींतले फरक मोजणाऱ्या आकड्यांबाबतही, जपून राहा. त्यांचा पाया एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीत होता आणि ते देशाच्या सरासरीचे आहेत. ते एखाद्या व्यवस्थापकाच्या स्वभावाला लावणं चूक आहे.

या विषयाचा खरा कस आकडेवारीत लागतो, आणि नेमका तिथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. ‘अ’ देशाची ‘ब’ला झालेली निर्यात आणि ‘ब’ची ‘अ’कडून झालेली आयात या दोन नोंदी सहसा जुळत नाहीत. निर्यात एफओबी किमतीने नोंदवली जाते, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. बहुतेक देशांत आयात सीआयएफने नोंदवतात, त्यात विमा आणि वाहतूकही धरलेली असते. समजा, एका बाजूला १०० दिसतात आणि दुसऱ्या बाजूला १०७, तर त्यावरून लगेच लबाडीचा निष्कर्ष काढू नका. मधल्या एखाद्या बंदरातून माल पुढे गेला असेल तर फरक आणखी वाढतो.

एकूण किंमत आणि मूल्यवर्धन, म्हणजे त्या देशाने मालात स्वतः घातलेली भर, हेही वेगळे ठेवा. २००९ मधल्या आयफोनवरचा एक अभ्यास वर्गात नेहमी चर्चेला येतो. सुमारे १७९ डॉलरच्या उत्पादनखर्चात चीनमधल्या जुळणीचा वाटा होता जेमतेम साडेसहा डॉलर. व्यापाराच्या आकड्यांत मात्र अख्खा फोन चीनची निर्यात म्हणून मोजला जातो. दोन देशांमधल्या व्यापारी तुटीवर लिहायचं असेल तर ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची मूल्यवर्धित व्यापाराची आकडेवारी पाहिल्याशिवाय लिहू नका.

थेट परकीय गुंतवणुकीत मतदान हक्काचा १० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा ही सीमारेषा आहे. त्याखाली ती भांडवली बाजारातली गुंतवणूक ठरते. शिवाय करसवलत देणाऱ्या छोट्या देशांतून पैसा फिरवून आणला जातो. म्हणून यादीत वर दिसणारा देश मूळ गुंतवणूकदार असेलच असं नाही.

जुन्या नोट्सवर विसंबून राहिलात तर दोन ठिकाणी हमखास फसाल. जागतिक बँकेने ‘डूइंग बिझनेस’ ही, कुठल्या देशात व्यवसाय करणं किती सोपं आहे ते सांगणारी, क्रमवारी २०२१ मध्ये, आकडेवारीतल्या अनियमितता उघड झाल्यावर, बंद केली. आणि जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाला डिसेंबर २०१९ पासून अपिलं ऐकण्याइतके सदस्यच नाहीत. तंटा पॅनेलपुढे नेता येतो, पण हरलेल्या पक्षाने अपील केलं की प्रकरण तिथेच लटकतं.

पेस्टल विश्लेषणात (राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर घटक) सहा रकाने भरण्यापेक्षा दोनच घटक घ्या आणि त्यांचा कंपनीच्या खर्चावर किंवा मागणीवर नेमका काय परिणाम होतो ते दाखवा. ‘राजकीय स्थैर्य आहे’ एवढं लिहून काही साधत नाही.

प्रबंधासाठी ‘विकसनशील देशांवरील जागतिकीकरणाचा परिणाम’ असा विषय घेऊ नका, तो कुणालाच आवरणार नाही. एक वस्तू, दोन देश आणि आयातशुल्कातला एक बदल घ्या. त्याच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं तपासा. वस्तू एचएस कोडने, म्हणजे व्यापारातल्या मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकाने, पक्की करा. पहिले सहा अंक ही पद्धत स्वीकारलेल्या सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये हे कोड सुधारले गेले. त्यांतल्या एखाद्या वर्षी निर्यात एकदम कोसळलेली दिसली तर आधी जुन्या-नव्या कोडचा जुळणी तक्ता उघडा. कदाचित माल तोच असेल आणि फक्त खण बदलला असेल. आकडे डाउनलोड करताना तारीख आणि कोडची आवृत्ती फाइलच्या नावातच लिहून ठेवा. हे आकडे नंतर दुरुस्त होत राहतात, आणि सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी तोच तक्ता पुन्हा काढला तर त्यांना वेगळेच आकडे दिसू शकतात.