गुडघा बदललाय? मग या चुका टाळा

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन करून माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वाकतो?" शेजारी विचारतात, व्याही विचारतात, फोनवरून मावशी विचारते. मग पेशंटही तेवढंच मोजायला लागतो. नव्वद अंश झाला, शंभर झाला. "पूर्ण सरळ होतो का?" हे कुणी विचारत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन व्यायाम घेते. ऑपरेशन उत्तम झालं आणि तरी चाल बिघडली, अशी जी माणसं मी पाहते, त्यांतल्या बहुतेकांची गाडी या न विचारलेल्या प्रश्नापाशी अडलेली असते.

गुडघ्याखालची उशी

ही चूक सगळ्यात आधी, कारण ती प्रेमापोटी होते. ऑपरेशननंतर गुडघ्याला सूज असते. सुजलेल्या सांध्याला थोडं वाकलेल्या स्थितीत आत जास्त जागा मिळते, ताण कमी होतो, म्हणून पेशंटला तसंच बरं वाटतं. घरचे लगेच उशी देतात, काही घरांत तर लोडच. दिवसा उशी, रात्री उशी, जेवताना उशी. दोन-तीन आठवड्यांत सांध्यामागचं आवरण आणि मांडीच्या मागचे स्नायू तेवढ्याच लांबीवर आखडतात. मग गुडघा सरळ करायचं मनात आणलं तरी होत नाही.

एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मला तिसऱ्या आठवड्यात बोलावलं. टाके निघालेले, जखम स्वच्छ, गुडघा नव्वदच्या पुढे वाकत होता. घरात समाधानाचं वातावरण होतं. बाईंना पलंगावर आडवं व्हायला सांगितलं आणि गुडघ्याखाली हात घातला, तर माझी मूठ सहज आत गेली. सरळ व्हायला साधारण वीस अंश कमी. त्या चालल्या तेव्हा ऑपरेशनचा पाय आखूड असल्यासारख्या एका अंगाला झुकत होत्या, आणि कंबर दुखायला लागल्याची तक्रार त्यांनीच केली. सून म्हणाली, "मॅडम, उशी काढली की त्यांना झोप लागत नाही हो, म्हणून मीच रात्री उठून नीट लावून देते."

त्या सुनेला काय बोलणार? ती रात्री-अपरात्री उठत होती. घरी सोडताना तिला कुणी उशीबद्दल बजावलं नव्हतं, एवढंच. पुढचे दोन महिने आम्ही फक्त सरळ करण्यावर घालवले, तेही वेदना सोसून. पहिल्या आठवड्यात हेच काम टाचेखालच्या टॉवेलने झालं असतं. बाई आता काठीशिवाय बाजारात जातात, पण शेवटचे चार-पाच अंश राहिले ते राहिलेच.

गुडघा अर्धवट वाकलेला राहिला की उभं राहतानासुद्धा मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत काम करावं लागतं. सरळ गुडघ्यावर माणूस निवांत उभा राहतो, वाकलेल्यावर पाच मिनिटांत थकतो. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. पहिल्याच दिवशी उशी उचलायची आणि पेशंटच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी ठेवायची. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी, दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. त्याच स्थितीत गुडघा खाली पलंगाकडे दाबायचा, सहापर्यंत मोजायचं, सोडायचं. सुजेसाठी पाय उंच ठेवायचा असेल तर उशी पोटरी आणि टाचेखाली लांबीच्या दिशेने लावा. गुडघा सरळच राहिला पाहिजे.

वाकवणं हळूहळू येतं. साधारण नव्वद अंशांवर जिना जमतो, शंभरच्या आसपास खुर्चीतून नीट उठता येतं. पुढे वाढायला काही महिने हातात असतात. सरळ होण्याच्या बाबतीत मात्र पहिले काही आठवडे हातचे गेले तर पुढचं काम फार अवघड होतं.

मालिशवाल्या बाईंना बोलावणं

याबद्दल मी कठोर आहे. बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करणाऱ्या अनुभवी बाया प्रत्येक गावात असतात, त्यांच्या हाताला गुण असेलही. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणूनच डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन देतात आणि पावलं वर-खाली हलवत राहा असं सांगतात. अशा वेळी दुखरी पोटरी जोर लावून चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ते जिवावर बेतू शकतं.

एका घरी मी पोहोचले तेव्हा तेल कोमट करून ठेवलेलं होतं आणि मालिशवाल्या बाई यायच्या होत्या. आजींची पोटरी दोन दिवसांपासून दुखत होती, "चालून भरून आली असेल" असं घरच्यांचं मत. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या. एक स्पष्ट जाड, गरम, दाबली की आजी कळवळत होत्या. व्यायाम थांबवला, सर्जनना फोन केला, दुपारी कलर डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाली. गुठळी होती. औषधांनी आजी बऱ्या झाल्या. मालिशवाल्या बाई तासभर आधी आल्या असत्या तर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करते.

पोटरी एका बाजूची सुजली, गरम झाली, दुखली तर चोळू नका, शेकू नका, डॉक्टरांना फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात जा. आणि ताज्या टाक्यांवर तेल, हळद, कोरफड, काही म्हणजे काही लावायचं नाही.

"मी रोज चालते की!"

चालणं चांगलंच. पण पहिल्या महिन्यात ते व्यायामाची जागा घेत नाही. ऑपरेशननंतर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहूनही खाली येते. तो स्नायू लंगडत चालून परत येत नाही. लंगडण्याची सवय तेवढी पक्की होते. आधी गुडघा दाबणं, सरळ पाय उचलणं, टाच सरकवत वाकवणं, खुर्चीवर बसून पाय ताठ करणं. त्यांच्या जोडीला घरातल्या घरात थोड्या थोड्या फेऱ्या.

अधीर लोकांचा त्रास मला आळशी लोकांपेक्षा जास्त होतो, हे स्पष्टच सांगते. आळशी माणसाला रागावता येतं. अधीर माणूस कुणाचा तरी "दहाव्या दिवशी जिना चढला" असा व्हिडिओ बघतो, मोबाइलवर पावलं मोजत गच्चीवर फेऱ्या मारतो, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजवून बसतो. सुजलेला गुडघा वाकत नाही, सरळ होत नाही, आणि सुजेमुळे मांडीचा स्नायूही नीट काम करत नाही. एक दिवसाची हौस चार दिवस मागे नेते.

माझ्या पेशंटना मी एक वही करायला लावते. रोज सकाळी उठल्यावर गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध टेप लावायची आणि घेर लिहायचा. कालपेक्षा वाढला तर आज चालणं निम्मं, बर्फ जास्त. व्यायामानंतर तासाभरात शमणारं दुखणं चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर काल अति झालं. ज्यांनी ही वही प्रामाणिकपणे लिहिली त्यांना मला फार काही सांगावं लागलं नाही.

गोळी न घेता व्यायाम

"गोळ्यांनी किडनी जाते" म्हणून परस्पर गोळी बंद, आणि मग दुखतं म्हणून व्यायाम बंद. काही वेदनाशामकं मूत्रपिंडाला त्रास देतात, विशेषतः मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना, हे खरं आहे. म्हणूनच ती गोष्ट डॉक्टरांशी बोला, ते औषध बदलून देतील. जी गोळी लिहून दिली आहे ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. दात-ओठ खाऊन केलेला व्यायाम हे शौर्य नाही. दुखणारा स्नायू आखडतो आणि काहीच साध्य होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. निम्मे लोक त्याच बाजूला धरतात आणि त्याच बाजूला कलतात.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. दोन्ही गुडघे एकदम केले असतील तर जो जास्त जोर देतो तो चांगला समजा.

पहिल्या आठवड्यांत गरम पिशवी नको. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते, ते नेहमीचंच आहे. पण बधिर कातडीला चटका कळत नाही, मधुमेह्यांना तर मुळीच नाही.

गुडघा आपोआप वाकवणारं मशीन भाड्याने आणू नका. त्याने फार फरक पडत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. ते पैसे फिजिओच्या चार भेटींना द्या.

पण फिजिओ म्हणून येणारी व्यक्ती खरोखर फिजिओ आहे का, हे विचारा. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी असते. दहा दिवसांचा कोर्स करून पाय जोरात दाबून वाकवणारे आले तर दारातून परत पाठवा.

स्टॅटिक सायकलची सीट आधी उंच ठेवा, पूर्ण फेरा जमत नसेल तर अर्धा पुढे, अर्धा मागे.

गुडघ्यात टकटक आवाज येतो, काही महिने थोडी ऊब आणि सूज राहते. त्याने घाबरू नका. जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरत गेली, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी सर्जनकडे. कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस वाट बघू नका.

आणि मन लावून व्यायाम करूनही सहा आठवड्यांत गुडघा नव्वदपर्यंत पोहोचला नाही, तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करण्याचा उपाय सर्जनकडे असतो, पण तो साधारण पहिल्या तीन महिन्यांत केला तरच चांगला लागू पडतो. सहाव्या आठवड्याची भेट चुकवू नका, वही बरोबर न्या.