केबल फॉल्टच्या कामात नवीन आहात? मला झटका चांगल्या फेजने दिला

टीडीआर (पल्स पाठवून फॉल्टचं अंतर सांगणारं यंत्र) काय, थंपर (केबलला झटके देऊन फॉल्टवर आवाज काढणारं यंत्र) काय, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळेलच, त्यावर वेळ घालवत नाही. मला रबाळे एमआयडीसीतली एक रात्र सांगायचीय. पावसाळा, २२ केव्हीचा फीडर ट्रिप, परमिट हातात, केबल दोन्ही टोकांना सोडवलेली. मेगरने इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजला तर आर फेज झिरो, बाकीच्या दोन, वाय आणि बी, एकदम मस्त. साहेबांना बी फेजचा पीआय (दहाव्या आणि पहिल्या मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर) हवा होता म्हणून ५ केव्हीवर पूर्ण १० मिनिटं ठेवली. मग अर्थला जोडलेला डिस्चार्ज रॉड टेकवला, टप्प करून ठिणगी आली, रॉड बाजूला ठेवला आणि मेगरची लीड काढायला केबलच्या टोकाचा लग हातात धरला. हातमोजे? खिशात. कोपर आरएमयूच्या (स्विचगियरच्या पेटीच्या) दारावर आपटलं, दोन दिवस बोटं बधिर.

डोक्यात एकच होतं, केबल फॉल्टी म्हणजे मेलेली. अरे पण फॉल्टवाली फेज चार्ज धरतच नाही, धरते ती चांगली फेज! आणि ठिणगी निघाली म्हणजे संपलं असंही नाही. फडकं पिळून ठेवा, थोड्या वेळाने परत पिळा, अजून पाणी निघतंच ना, तसं इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज हळूहळू कंडक्टरवर परत येतो, रॉड काढला की व्होल्टेज पुन्हा चढायला लागतं. म्हणून टेस्ट जितका वेळ चालली त्याच्या किमान चौपट वेळ डिस्चार्ज, म्हणजे माझ्या १० मिनिटांना ४०. आणि रॉड टेकवणं वेगळं, अर्थ क्लॅम्प करून ठेवणं वेगळं. लीड काढताना क्लॅम्प लागलेलाच हवा. एका फेजची टेस्ट चालू असताना बाकीच्या दोन अर्थ केलेल्या. पलीकडच्या टोकाला फोनवाला माणूस उभा, नुसतं कुलूप नको.

आमच्याकडे एक जॉइंटर काका होते, चहाला जाताना पण क्लॅम्प लावून जायचे, पोरं हसायची. उघड्या हाताने काम करून 'वीस वर्षं काही झालं नाही' म्हणणारे सिनियर पण होते. मी दुसऱ्यांच्या मागे फिरलो, तुम्ही काकांसारखा माणूस शोधा.

घाबरू नका पण, बाकीचं हाताला बसतं. एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला पल्सचा वेग मायक्रोसेकंदाला १७० मीटरच्या आसपास धरतात, पण टीडीआरचं अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नाही. जॉइंटपाशी सोडलेला लूप, रस्ता ओलांडताना घेतलेला वळसा, सगळं त्यात येतं, घोडबंदरला मी एकदा चांगले तीस मीटर पुढे खणलंय. थंपरचा आवाज पाइपात शिरला की पाइपाच्या तोंडाशी मोठा येतो, म्हणून नुसत्या कानावर जाऊ नका, मॅग्नेटिक पल्स आणि आवाजातला वेळ बघा, सगळ्यात कमी जिथे तिथे खड्डा. आणि एक्सएलपीईला तासभर ठोकत बसू नका, चांगलं इन्सुलेशन पण जातं, हे कुणाला पटत नाही, घाई असते सगळ्यांना.

खड्ड्यात तीन सारख्या केबल दिसल्या तर अंदाजाने करवत लावायची नाही, आधी आयडेंटिफायरने आपली केबल ओळखायची, मग लांबून स्पाइक, म्हणजे केबलमध्ये खिळा घुसवून ती मेलेली असल्याची खात्री.

रबाळ्याचा फॉल्ट पहाटे पेव्हर ब्लॉकखाली सापडला, जेसीबीचा दात लागून आर्मर फाटलेलं आणि आत पाणी. खड्ड्यात पाय टाकतोय तर वरून काका ओरडले, "क्लॅम्प लावलाय का रे?"