प्रवासातल्या छोट्या व्हायोलिनची निगा

दर श्रावणात मी ठाण्याहून कोकणकन्येने सावंतवाडीकडे जाते, सप्ताहात भजनाच्या साथीला. गर्दीत मोठं व्हायोलिन सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा अरुंद अंगाचं प्रवासी व्हायोलिन घेतलं. अंग चिंचोळं असलं तरी घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) खुंट्यांकडच्या पट्टीपर्यंतची तार नेहमीच्या व्हायोलिनइतकीच असते, साधारण ३२५ मिलिमीटर. म्हणजे तारांचा ताणही तेवढाच, आणि तो पेलायला लाकूड मात्र कमी. म्हणून याची निगा जास्तच घ्यावी लागते.

निघताना तारा अर्धा-एक स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका, घोडी आडवी पडेल. एसी डब्यातल्या कोरड्या हवेत खुंट्या सुकून सरकतात आणि उतरल्यावर कोकणातल्या दमट हवेत फुगून बसतात. सरकणाऱ्या खुंटीला थोडा खडू लावा. अडकलेलीवर जोर करू नका. व्हायोलिन दोन-तीन तास कोरड्या खोलीत ठेवलं की बहुधा खुंटी सुटते.

घोडीवर मात्र सतत लक्ष हवं. एकदा पहाटे उतरल्यावर मी घाईने चारही तारा चढवत गेले. तार चढते तशी ती घोडीचं डोकं खुंट्यांकडे ओढते. कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना घोडी फटकन पडली. वरच्या फळीवर उमटलेला वण अजून दिसतो. आता प्रत्येक वेळी सूर लावून झाला की व्हायोलिन मांडीवर घेते आणि व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फळीवर, घोडीच्या टेलपीसकडच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीकडच्या) बाजूला टेकवते. ती बाजू कार्डाला लागून सरळ उभी हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत घोडीचं डोकं धरून केसभर मागे घेते. घोडीवरच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं फिरवलं की तार सहज सरकते, घोडीला ओढत नाही.

गजाचं तंत्र वेगळं. व्हायोलिन साठेक सेंटिमीटरचं, गज पंचाहत्तरच्या आसपास. म्हणून प्रवासी गज दोन तुकड्यांत येतो. आधी गजाचे केस सैल करा, मगच जोड उघडा. जोडताना आटे सरळ बसू द्या आणि हातानेच फिरवा, पक्कड लावू नका. केसांना बोट लावू नका. डोक्याला खोबरेल लावून तोच हात लागला तर केसांवर घासायची राळ तेवढ्या जागी धरत नाही.

वाजवून झालं की तारांखालची राळेची पूड जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपा. स्पिरिटने पुसू नका, वार्निश विरघळतं. आपण मांडी घालून वाजवतो, व्हायोलिनचं टोक पायावर टेकतं. तिथला घामही पुसून घ्या. बॉक्समध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. उन्हातल्या गाडीत व्हायोलिन कधीही सोडू नका, जोडांचा सरस उष्णतेने मऊ होतो.

तारांचा एक जादा संच जवळ ठेवा आणि बदलायच्या झाल्या तर एका वेळी एकच काढा. चारही एकदम उतरवल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमधला उभा लाकडी दांडका, पडू शकतो, आणि तो परत उभा करणारा कारागीर सप्ताहाच्या गावात भेटत नाही.