डेव्हिड बोवीचा पोशाख जवळून बघायचाय? दोन आठवडे आधी मागवा

लंडनच्या 'व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस'मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या गोदामात, सप्टेंबर 2025 पासून ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या नावाचं डेव्हिड बोवी सेंटर सुरू आहे. त्याचा संग्रह 90,000 हून जास्त वस्तूंचा, पण काचेमागे एका वेळी त्यातल्या थोड्याच असतात. आपल्या आवडीची नेमकी तिथे नसली की फार चुटपुट लागते.

त्यावर उपाय म्हणजे 'ऑर्डर अ‍ॅन ऑब्जेक्ट' ही सोय. मागवलेली वस्तू गोदामातून काढून तुमच्यासमोर ठेवतात, तेही फुकट.

1. संग्रहालयाच्या वेबसाइटवर संग्रह शोधा. पोशाख, वाद्यं अशा वस्तूंची नोंद सापडते.
2. जास्तीत जास्त पाच वस्तू निवडा. माझं मत विचाराल तर त्यात एक पोशाख हवाच.
3. किमान दोन आठवडे पुढची तारीख घ्या. म्हणजे विमानाचं तिकीट निघालं की लगेच हे काम उरकायचं, लंडनला पोहोचल्यावर नाही.

एखादी वस्तू मिळत नसेल तर दुसरी हाताशी असावी, म्हणून यादी सात-आठ वस्तूंची करून ठेवा.

आणि पत्ता नीट बघा! हे ठिकाण संग्रहालयाच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या मुख्य इमारतीत नाही. ते शहराच्या पूर्वेला, ऑलिम्पिक पार्कमध्ये आहे. हॅकनी विक स्टेशनवर उतरून चालत जाता येतं.