फोटोतली वस्तू वेगळी काढताना क्लिक कुठे करावं?

फोटोतली एखादी व्यक्ती किंवा वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळी करायची, तर बरंचसं काम आता सॉफ्टवेअरच करतं. आपण फक्त खुणा करायच्या: चौकट, रेघ किंवा क्लिक. तरीही एकाच फोटोवर दोघांना मिळणारे निकाल वेगळे असतात, कारण उरलेले पिक्सेल कुठल्या बाजूचे हे सॉफ्टवेअर या खुणांवरूनच ठरवतं. खुणा किती केल्या यापेक्षा कुठे केल्या, याला महत्त्व आहे.

आधी चौकट आखा. २००४ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून आलेल्या ग्रॅबकट पद्धतीत चौकटीबाहेरचं सगळं पार्श्वभूमी धरलं जातं. त्यामुळे मांजराचा कान बाहेर राहिला, तर तो गेलाच. उलट चौकट फार मोठी घेतली, तर आत आलेली शेजारची खुर्चीही मांजरात जमा होऊ शकते. चारी बाजूंनी थोडीशी मोकळी जागा सोडली की पुरे.

आता रेघा. इथे घाई करू नका. समजा, पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट घातलेला माणूस उभा आहे. शर्टावर पाच रेघा मारून फारसं काही साधत नाही. केस, चेहरा, शर्ट आणि पँट यांवर एकेक रेघ मारा. अशा पद्धती खुणेखालच्या पिक्सेलवरून रंगांचा अंदाज बांधतात, त्यामुळे ज्या रंगाला खूणच नाही तो सहज पार्श्वभूमीत ढकलला जातो. शर्ट आणि भिंत जिथे रंगाने एकमेकांत मिसळतात, तिथे शर्टाजवळच्या भिंतीवर ‘पार्श्वभूमी’ची रेघ हवीच. रंगात फरक नसला की कड कुठे आहे हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

रेघ कडेपासून आत ठेवा. ती जराशी बाहेर घसरली, तरी अनेक पद्धती तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवतात आणि भिंतीचा रंग माणसाचा समजतात. घसरलीच, तर वरून उलटी खूण करत बसू नका, लगेच अनडू करा.

क्लिकवर चालणाऱ्या साधनांत एकच क्लिक संदिग्ध असतो. शर्टावर क्लिक केलं, तर शर्ट हवाय की अख्खा माणूस? मेटाच्या २०२३ च्या सेगमेंट एनिथिंगमध्ये म्हणूनच एका क्लिकला तीन पर्याय मिळू शकतात: पूर्ण वस्तू, तिचा भाग आणि त्या भागाचाही भाग. हवा तो निवडा, नाहीतर चेहऱ्यावर दुसरा क्लिक करा.

पुढचा प्रत्येक क्लिक सगळ्यात मोठ्या चुकीच्या मधोमध करा. अशा साधनांमागची अनेक मॉडेलं शिकवताना आणि तपासताना माणसाऐवजी संगणकच क्लिक करतो आणि ते साधारण तिथेच टाकले जातात, त्यामुळे ती त्या जागेला चांगला प्रतिसाद देतात. कडेवरच्या बारीकसारीक चुका शेवटी बघा. मोठी चूक सुधारली की त्यातल्या काही आपोआप जातात.

सायकलच्या चाकाच्या तारांसारखे बारीक भाग मात्र त्रास देतात. ग्राफ कटवर, म्हणजे पिक्सेलांच्या जाळ्यातून सगळ्यात कमी खर्चाची सीमा शोधून ते दोन भागांत कापणाऱ्या गणितावर, आधारलेल्या पद्धतींचा कल कमी लांबीच्या सीमेकडे असतो, त्यामुळे त्या अशा तारा छाटून टाकतात. तिथे झूम करून तारेच्या लांबीभर रेघ ओढा.

भुरभुरणाऱ्या केसांवर मात्र क्लिक वाढवत बसू नका. तिथल्या एकेका पिक्सेलमध्ये केस आणि मागची भिंत दोन्ही मिसळलेले असतात, आणि आत किंवा बाहेर एवढंच सांगणाऱ्या मास्कमध्ये ते बसत नाही. त्यासाठी अर्धपारदर्शक कडा काढणारं मॅटिंगचं साधन वापरा.