न्यूरो तपासणीला जाण्याआधीची तयारी

न्यूरोच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या तपासणीत 'नाही' हासुद्धा निष्कर्ष असतो. छातीतला आवाज नीट ऐकू आला नाही तर आपण पुन्हा स्टेथो लावतो. अँकल जर्क, म्हणजे टाचेमागे हॅमर मारल्यावर पावलाला बसणारा झटका, आला नाही की मात्र केसपेपरवर 'ॲबसेंट' लिहून मोकळे होतो, आणि त्या एका शब्दावर पुढची सगळी धावपळ सुरू होते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण निघाले, तेव्हा पुण्याने हे जवळून पाहिलं. पायांतून वर चढणारी कमजोरी आणि गेलेले जर्क यांवरूनच आधी संशय घ्यायचा असतो. पहिल्या आठवड्यात पाठीतल्या पाण्याचा रिपोर्टही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून नव्याने वॉर्डात येणाऱ्या इंटर्न मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. तयारी अर्धवट असेल तर तुमचा 'नाही' खोटा ठरेल.

आधी ॲप्रनचा खिसा बघा. हॅमर लांब दांड्याचा आणि जड डोक्याचा घ्या. तो आपल्या वजनाने पडला पाहिजे. हलक्या तिकोनी हॅमरने जोर लावून मारावं लागतं आणि पेशंट आखडतो. ट्यूनिंग फोर्कवरचा आकडा वाचा. अंगठ्यावर कंपन तपासायला १२८ हर्ट्झचा लागतो, ५१२चा कानासाठी. टॉर्चचे सेल आदल्या रात्रीच बघा. मोबाइलचा उजेड पसरट असतो, दोन्ही डोळ्यांवर एकदम पडतो, बाहुल्यांचं काही कळत नाही. कापसाचं टोक ओढून बारीक करा. टोचायला प्रत्येक पेशंटला नवी टाचणी घ्या. इंजेक्शनची सुई नको, ती कातडी कापते. तळव्यासाठी बोथट टोकाची काडी पुरते. वासासाठी लवंग किंवा कॉफीची पूड पुडीत बांधून ठेवा. स्पिरिटचा बोळा चालत नाही, कारण तो नाकात झोंबतो आणि ती जाणीव वेगळ्याच नसेची. नजरेचा तक्ता देवनागरी हवा, शिवाय वाचता न येणाऱ्यांसाठी 'ई'चा. ग्लुकोमीटर विसरू नका: साखर उतरली तरी एक बाजू लुळी पडू शकते.

मग पेशंटची बाजू. चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरी राहिली असेल तर नातेवाइकांना आणायला सांगा. तोंडात मिश्री किंवा तंबाखू असेल तर आधी चूळ भरू द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का ते विचारा, नाहीतर वेडीवाकडी बाहुली बघून तुम्हीच घाबराल. बांगड्या वर सरकवा, पैंजण आणि मोजे काढायला लावा. साडी गुडघ्यापर्यंत घ्यावी लागेल हे आधी सांगा, पडदा ओढा, सिस्टर किंवा घरातली बाई जवळ असू द्या. डिसेंबरात पहाटेच्या राउंडला तुमचे हात बर्फासारखे असतात. ते चोळून गरम करा. कुडकुडणाऱ्या माणसाचा टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा-सैलपणा, कधीच खरा कळत नाही.

प्रश्नांची तयारी सगळ्यात कमी केली जाते. वेल्ह्याहून आलेल्या आजींना इंग्रजी तारीख विचारून 'ओरिएंटेड नाही' (वेळ-जागेचं भान नाही) लिहिणं हा अन्याय आहे. आज वार कोणता, चतुर्थी झाली का, माउलींची पालखी पुण्यातून गेली की यायची आहे, असं विचारा; मात्र त्याचं उत्तर तुम्हाला आधी माहीत हवं. शंभरातून सात वजा करायला लावण्याऐवजी वार उलटे म्हणायला सांगा. डावरेपणासाठी 'जेवता कोणत्या हाताने' हे विचारून उपयोग नाही, लहानपणीच सगळ्यांना उजव्या हाताने जेवायला लावलेलं असतं. दगड कोणत्या हाताने मारता, विळा कोणत्या हातात धरता, हे विचारा. वाचा गेलेल्या पेशंटमध्ये ही माहिती मोलाची ठरते.

पॉवर, म्हणजे हातापायांतली ताकद, बघण्याआधी 'कुठे दुखतंय का?' हे विचाराच. दुखऱ्या गुडघ्याला जोर लागत नाही, आणि ती कमजोरी नव्हे.

आता अँकल जर्क, कारण घोळ तिथेच होतो. आजी पाठीवर झोपलेल्या. गुडघा वाकवून मांडी बाहेरच्या बाजूला पडू द्या, पाऊल हलकेच वर उचलून धरा, म्हणजे टाचेमागची शीर थोडी ताणली जाते. 'आजी, पाय माझ्यावर सोडा, तुम्ही उचलू नका.' बोटांना पावलाचा भार जाणवेपर्यंत थांबा. आजी मदत करत असतील तर पाऊल हलकं लागतं. मग हॅमर. काही आलं नाही? आजींना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायला सांगून 'आता ओढा' म्हणा आणि त्याच क्षणी मारा. अनेकदा हरवलेला जर्क इथे सापडतो. हाताच्या जर्कसाठी दात आवळायला सांगायचं. एवढं करूनही आला नाही तरच 'ॲबसेंट' लिहा. वय झालेल्यांत हा जर्क एरवीही कधीकधी मिळत नाही, म्हणून गुडघ्याचा आणि हातांचा सोबत लिहा. शेतात अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे जाड असतात. प्लान्टर (तळव्यावर काडी ओढल्यावर अंगठा कुठे वळतो ते) बघताना काडी तळव्याच्या बाहेरच्या कडेने सावकाश न्या, घाई केली तर नुसता पाय मागे घेतात.

तोंड वाकडं, हात लुळा असं अचानक झालेलं असेल तर ही सगळी यादी बाजूला ठेवा. साखर बघा आणि पेशंट शेवटचा धडधाकट कुणी, किती वाजता पाहिला ते विचारा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळी उठले तेव्हाच असं होतं' म्हणाले तर रात्री झोपल्याची वेळ धरायची. मेंदूच्या सीटीला पाठवा, सेन्सेशन (स्पर्श-टोचणीची जाणीव) नंतर बघा. बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालू नका, पुढचे कित्येक तास त्याच बाहुल्यांवर लक्ष ठेवायचं आहे.

लिहिताना 'ड्राउझी' एवढंच नको. हाक मारल्यावर डोळे उघडले, नाव सांगितलं, हात उचलला, असं जे झालं ते आणि वेळ लिहा. ग्लासगो स्कोअरचे (शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या गुणांचे) डोळे, बोलणं, हालचाल असे तिन्ही आकडे वेगळे मांडा. चालणं आणि रॉम्बर्ग (पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहताना तोल जातो का ते) शेवटी ठेवा, मदतीला एक जण पाठीशी उभा करा, डोळे मिटायला सांगताना तुमचे हात त्यांच्या दोन्ही बाजूंना तयार हवेत. झालं की आजींना परत झोपवा, कॉटचा कठडा वर करा आणि टाचणी शार्प्सच्या डब्यात टाका.